कासवडोंगरीवरची चौकी

१

मी तीन वर्षांची असताना बाबूजींनी कासवडोंगरीवर वाट पाडली. हे बेट नवेगाव बांधच्या तलावात आहे, गावाच्या काठापासून डोंग्यानं पंचवीस मिनिटांवर. दुरून पाहिलं तर पाण्याबाहेर पाठ काढून बसलेलं कासवच. बाबूजी, म्हणजे पुरनलाल टेंभरे, वनखात्यात वनरक्षक होते. चार मजूर, कुऱ्हाडी, खणायला एक सब्बल आणि चुन्याची दोन पोती नेऊन त्यांनी दीड महिन्यात बेटाच्या कडेकडेनं वाट काढली आणि पन्नास-पन्नास पावलांवर एकेक धोंडा चुन्यानं रंगवला. सरकारी कागदावर ती 'गस्तीची वाट' होती. आमच्या घरात 'बाबूजींची सडक'.

दर जानेवारीत ते बेटावर पक्षी मोजायला जायचे आणि आम्हाला सोबत न्यायचे. माय, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान लोकेंद्र. पहाटेचं धुकं पाण्यावरून उठत असायचं, डोंगा वल्हवणारा ईश्वरदास ढिवर बिडी विझवून कानामागे खोचायचा, आणि आम्ही मधोमध दाटीवाटीनं बसायचो. बाबूजींच्या स्वेटरच्या एका खिशात चिंचोके असायचे. दहा पक्षी झाले की एक चिंचोका दुसऱ्या खिशात. लालसरी, चक्रवाक, अडई... नावं मला शाळेच्या आधी येत होती.

बेटाची उत्तर बाजू खडकाळ. काळे धोंडे पाण्यात पायऱ्यांसारखे उतरलेले, तिथं हातापायांवर चढावं लागे. त्या चढाचं नाव आम्ही 'घसरगुंडी' ठेवलं होतं. पुढे वाळलेल्या झाडावर बगळे ओळीनं बसायचे, ते 'बगळ्यांचं कॉलेज'. मायचा उजवा गुडघा दुखायचा, म्हणून एका सपाट दगडाचं नाव 'मायचा ओटा'. सगळा फेरा तासाभराचा. त्याच्या शेवटी, बेटाच्या मागच्या बाजूला, कवेलूंच्या छपराची एका खोलीची चौकी होती. तिथून गाव दिसत नाही. समोर फक्त पाणी आणि पलीकडचं जंगल.

त्या चौकीत माय स्वयंपाक करायची. आधी जमीन सारवायची. बेटावर गाय नाही म्हणून शेणाचा डबा घरून आणायची आणि ईश्वरदास दरवर्षी त्यावरून हसायचा. माय डावरी होती. तिच्या सारवणाच्या कमानी उलट्या बाजूला वळायच्या. मग ती सुपात तांदूळ पाखडायची, चुलीवर भात आणि लाखोरीची डाळ चढवायची. बाबूजी मात्र तेवढ्यात पुन्हा एकदा काठावर जाऊन मोजणी पडताळायचे, आणि जेवण झाकून आम्ही त्यांची वाट पाहायचो. लांबून त्यांचा खोकला ऐकू आला की माय ताटं मांडायची.

आम्ही चौघं शेवटचं गेलो ते १९९९ च्या जानेवारीत. तेव्हा मी देवरीला शाळेत शिकवायला लागले होते. लोकेंद्र नागपूरला नोकरीला होता. चौकीवर पहारेकरी राहणं केव्हाच बंद झालं होतं. दाराची आतली कडी तुटून पडली होती. तरी मायनं सारवलं.

२

२००१ च्या पावसाळ्याच्या शेवटी तापानं चार दिवसांत माय गेली. बाबूजी आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते. मी त्यांना देवरीला चला म्हटलं, लोकेंद्रनं नागपूरला बोलावलं. ते कुठंच आले नाहीत.

२००३ च्या जानेवारीत मी हट्टानं त्यांना म्हटलं, "बाबूजी, या वर्षी मोजणीले जाऊ. आपण दोघं."

ते लगेच हो म्हणाले. मला वाटलं, बरं झालं, माणूस घराबाहेर तरी पडेल.

वाट झाडोऱ्यानं भरलेली असेल असं मी धरून चालले होते. पण ती साफ होती. धोंड्यांना नवा चुना होता. 'घसरगुंडी' चढताना मला दम लागला, साठीच्या बाबूजींना लागला नाही. चिंचोके या खिशातून त्या खिशात जात होते. ऊन कोवळं होतं आणि मला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं.

चौकीच्या अलीकडच्या वळणावर तो आवाज आला.

सूप पाखडण्याचा. फट्, फट्, फट्, मग बारीक सळसळ, मग थोडं थांबून पुन्हा फट्, फट्. कोंडा उडवताना माय शेवटी सुपाला दोन बोटांनी टिचकी मारायची, तीसुद्धा आली.

मी थांबले. वारकरी पक्षी पाण्यावरून पळत उडतात तेव्हा असाच फटफटाट होतो, हे मला ठाऊक होतं. मी तलावाकडे पाहिलं. त्या बाजूला पाणी अगदी स्थिर होतं. एकही पक्षी नव्हता.

बाबूजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी मायच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच हसू पाहिलं.

"तुलेही ऐकू येऊन राहिलं ना?" ते म्हणाले. "मले वाटलं, मलेच येते."

३

मी त्या दिवशी चौकीजवळ गेले नाही. पाखरू असेल, छपराचं कवेलू हलत असेल, असं काहीतरी बोलून मी बाबूजींना काठाकडे घेऊन आले.

फेब्रुवारीत एका दुपारी ईश्वरदासनं शाळेत फोन केला. पस्तीस वर्षं आमच्या घरचा डोंगा वल्हवणारा माणूस, कधी फोन करणारा नव्हे.

"बाई, एक गोष्ट सांगू का? रागवाल त नाही ना?"

"सांगा जी."

"बाबूजी पंधरा दिवसांत आठ खेपा जाऊन राहिले डोंगरीवर. सकाळी सोडतो, चार वाजता आणाले जातो. काठावर एकटेच उभे असतात."

"मग?"

"मग डोंग्यात बसतात आन् मले म्हणतात, घाई नको करू ईश्वरदास, ती येऊन राहिली. थोडा वेळ थांबतो जी मी. मग तेच म्हणतात, चल आता."

"कोण येऊन राहिली?"

"मी नाही विचारलं, बाई," तो म्हणाला. "कायले विचारू?"

शनिवारची अर्धी शाळा आटोपून, कोहमाऱ्याला बस बदलून, मी नवेगावला पोचले. घराला कुलूप होतं. शेजारच्या धुरपताबाईंनी ओसरीवरूनच तलावाकडे हात केला. मी तशीच काठावर गेले आणि ईश्वरदासच्या डोंग्यात बसले.

४

बाबूजी मला बेटाच्या मागच्या बाजूला सापडले. चौकीपासून वीस-एक पावलांवर, जांभळाच्या झाडाखाली, पाय जवळ घेऊन बसले होते. नाटक बघायला बसावं तसे. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी त्यांच्या शेजारी बसले.

चौकीचं हिरवं दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होते, आणि ते एखाद्या घरातून येतात तसे येत होते, एकमेकांत मिसळलेले. फुंकणीनं चूल फुंकल्याचा. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा. कुणीतरी पाटीवर पेन्सिल घासत होतं. एक लहान मुलगा हसला. ते हसू लोकेंद्रचं होतं, दुधाचे दात पडलेल्या लोकेंद्रचं, हसताना फुस् अशी हवा जायची तसं.

लोकेंद्र तर जिवंत होता. आदल्याच रविवारी तो माझ्याशी फोनवर बोलला होता.

ही गोष्ट लक्षात येताच मला हिंमत आली. मेलेल्या माणसाचा भास होऊ शकतो, जिवंत माणसाच्या बालपणाचा कसा होईल? कुणीतरी आत आहे. पिकनिकला आलेलं कुटुंब असेल. मी उठले, चालत गेले आणि दार ढकललं.

आवाज थांबले. म्हणजे कुणी थांबवले असं नाही, मी आत पाऊल टाकलं तेव्हा ते तिथं नव्हतेच.

खोली रिकामी होती. कोपऱ्यात वटवाघळांच्या लेंड्या होत्या, खिडकीच्या गजांना कोळ्यांची जाळी होती. चुलीच्या जागी विटांचा भुगा पडला होता. पण मधली जमीन, चार माणसं मांडी घालून बसतील एवढी, सारवलेली होती. ओली होती. मी वाकून बोट लावलं, बोटाला शेण आलं. त्यावर बोटांच्या कमानी उमटल्या होत्या, एकात एक, उलट्या बाजूला वळलेल्या.

बाहेर आल्यावर मी बाबूजींचे हात हातात घेऊन पाहिले. नखं स्वच्छ होती.

"तुम्ही सारवलं?"

"मले कुठं सारवता येते बाई," ते म्हणाले. "आन् मी आत नाही जात."

५

संध्याकाळी घरी मी भात टाकला. मायच्या स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी होतं, आणि त्या खोलीत एकही आवाज नव्हता. नळ ठिबकत नव्हता, उंदीर नव्हता. मी ताटली ठेवली तर तिचा आवाजही लगेच विझला. घरातलं सगळं कुणीतरी दुसरीकडे उचलून नेलं होतं असं मला वाटलं.

"बाबूजी, तुम्ही आत काऊन नाही जात?" मी विचारलं.

ते भात कालवत होते. "आत जाऊन काय करू? जागा नाही तिथं. मी आहेच ना तिथं."

"म्हणजे?"

"म्हणजे, ते वाट पाहात असतात. मग मी येतो. काठावरून खोकत येतो, पाय धुतो, आत जातो. रोज ऐकतो मी. चौघंही जेवतात. मग कायले मधात जाऊ?" त्यांनी घास घेतला. "ऐकायले बरं वाटते."

मी त्यांना म्हटलं की महाशिवरात्रीची सुट्टी आहे, मी येते, सामान बांधू आणि तुम्ही माझ्यासोबत देवरीला या. ते हो म्हणाले, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

रविवारी परतताना बसमध्ये मी स्वतःला बरीच समजूत घातली. दोन माणसांना एकाच दुःखातून एकच भास होऊ शकतो. शेण एखाद्या गुराख्यानं टाकलं असेल. पण बेटावर गुरं जात नाहीत. आणि माझ्या बोटाला तो वास होता. खरं सांगायचं तर मला त्याचा राग येत नव्हता. देवरीच्या माझ्या खोलीत बसून मी दोनदा बोट नाकाशी नेलं.

६

महाशिवरात्रीच्या दिवशी सगळं नवेगाव प्रतापगडच्या यात्रेला लोटलं होतं. रस्ते ओस, काठावर डोंगे उलटे घातलेले. ईश्वरदास मात्र थांबला होता.

"सकाळीच सोडून आलो त्याइले," तो म्हणाला. "नवा सदरा घालून होते जी. मी विचारलं, यात्रेले जाता का? म्हणाले, नाही, घरी."

मी बेटावर उतरले आणि बाबूजी लवकर भेटावेत म्हणून वाटेनं उलट बाजूनं निघाले. ऊन चढलं होतं. पळसाला फुलं आली होती. कधी नव्हे ते मी ती वाट पळत पार केली आणि जांभळाशी पोचले. बाबूजी तिथं नव्हते.

चौकीतून आवाज येत होते. सूप, मग टिचकी. लोकेंद्र काहीतरी मागत होता. मी झाडाच्या बुंध्याला हात लावून उभी राहिले. मग पहिल्यांदाच शब्द ऐकू आले. मायचे.

"ओमी, पाह्य बरं, तुहे बाबूजी येऊन राहिले का. डाळ थंडी होऊन राहिली."

ओमी म्हणजे मी. ओमेश्वरी हे नाव फक्त शाळेत होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी कबूल करते. भीती नंतर आली. काठाकडून पावलं वाजली आणि बाबूजी वळणावरून आले. नवा पांढरा सदरा, केस पाणी लावून विंचरलेले. कचेरीतून उशीर झालेल्या माणसासारखे घाईघाईत होते.

"तू कायले आलीस?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आज माझा खोकला नाही. सकाळपासून ऐकून राहिलो. काठावर जाऊनही पाहिलं. मी नाही आलो."

"बाबूजी..."

"जेवायले थांबले ते. लेकरं उपाशी आहेत."

ते माझ्या बाजूनं पुढे निघाले. मी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात मी त्यांना कधी असं अडवलं नव्हतं. त्यांनी हिसका दिला, मी सोडलं नाही.

"बाबूजी, मी इथं आहे! मी आहे ना इथं!"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. "तू मोठी झालीस, बाई," ते म्हणाले. "तुले आता माझी कायची गरज? तिले आहे."

आतून हाक आली, "बाबूजी!"

त्याच क्षणी मीही ओरडले, "बाबूजी!"

दोन्ही हाका एकच होत्या. तिची जरा बारीक, इतकाच फरक. बाबूजी मध्ये उभे राहिले, एक पाय चौकीकडे, हात माझ्या हातात.

दार चार बोटं उघडलं.

आत अंधार होता. चौकटीवर एक हात दिसला, बोटांना निळी शाई लागलेली. मग पिवळ्या फ्रॉकचा घेर. मायनं पडद्याच्या उरलेल्या कापडातून तो शिवला होता, त्याचा खिसा एकीकडे वर गेलेला. मग अर्धा चेहरा. बाबूजींना पाहून तो फुलला. खरंच फुलला. इतका आनंद माझ्या चेहऱ्यावर कधी होता हे मला माहीत नव्हतं.

मग तिची नजर त्यांच्या हातावर गेली. मनगट धरलेल्या माझ्या हातावर. तिथून वर, माझ्या तोंडाकडे.

मी शिक्षिका आहे, घाबरलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. असं घाबरलेलं मूल मी पाहिलं नाही. ती ओरडली नाही. मान न वळवता, माझ्यावरची नजर न काढता, ती आत बोलली.

"माय... बाहेर कोणी बाई आहे. बाबूजीले धरून आहे."

आतलं सगळं थांबलं. सूप थांबलं, लोकेंद्र थांबला. मग पावलं आली, दाराच्या दिशेनं, एक जड, एक हलकं, एक जड, एक हलकं. दुखऱ्या गुडघ्याची पावलं.

दीड वर्ष मी त्या एका माणसाला पुन्हा पाहण्यासाठी काय वाट्टेल ते दिलं असतं. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

दार लागल्याचा आवाज आला. मग आतून कडी सरकल्याचा.

मी डोळे उघडले तेव्हा बाबूजींचा हात माझ्या हातात सैल पडला होता. ते दाराकडे पाहत होते, आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला होता.

"भेली ते," ते म्हणाले. "पाहिलंस का, कशी भेली?"

मी मान हलवली.

"चल. आपण इथं उभे राहिलो त ते रडन." आणि ते माझ्या पुढे चालू लागले. पूर्ण वाटेत त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. पाहिलं मी. चौकीचं दार बंद होतं. कवेलूंतून धूर निघत होता.

७

बाबूजी माझ्याजवळ देवरीला सहा वर्षं राहिले. चांगले राहिले. सकाळी बसस्टँडपर्यंत फिरून यायचे, माझ्या शाळेतल्या पोरांना पक्ष्यांची चित्रं ओळखायला शिकवायचे. लोकेंद्रची मुलगी खुशी सुट्टीत यायची तेव्हा तिच्याशी पत्ते खेळायचे. नवेगावचं घर आम्ही भाड्यानं दिलं. कासवडोंगरीचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही.

मी लहानपणी त्या दारातून कुठली अनोळखी बाई पाहिली होती का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं. काही आठवत नाही. चौकीतली जेवणं आठवतात, डाळीचा वास आठवतो, पिवळा फ्रॉक आठवतो. बाबूजी एखाद्या दिवशी जेवायला आलेच नाहीत, असं काही आठवत नाही. पण आता ते आठवून पाहताना मी जरा जपून आठवते.

२००९ च्या डिसेंबरात बाबूजी खंगले होते, पण बोलणं स्वच्छ होतं. दुपारी अंगणात खुर्च्या टाकून आम्ही उन्हात बसलो होतो. मी उत्तरपत्रिका तपासत होते. सहा वर्षं मनात होतं ते मी विचारून टाकलं.

"बाबूजी, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी परत आले ना?"

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुह्यासाठीच त आलो," ते म्हणाले. "किती भेली होतीस तू."

असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. माझ्याकडे नाही. खुर्चीच्या बाजूला, खुर्चीच्या हाताएवढ्या उंचीवर, जमिनीवर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीचं डोकं असतं तिथं. आणि त्या रिकाम्या जागेला ते हळूहळू थोपटू लागले.

मला राहवेना. उत्तरपत्रिका खाली ठेवून मी खुर्चीवरून उतरले, त्यांच्या पायाशी बसले आणि त्या हाताखाली डोकं नेलं.

त्यांनी हात उचलला, थोडा बाजूला सरकवला, आणि पुन्हा थोपटू लागले.